चढ नसलेल्या वाटा : आई-बाबा आणि मुलांसोबत फेन्समध्ये

आईचे गुडघे आता चढ सोसत नाहीत. आपल्याकडे फिरायला जायचं म्हणजे गड, घाट, नाहीतर देवळाच्या पायऱ्या. त्यामुळे गेली काही वर्षं ती ‘तुम्ही जाऊन या, मी खाली बसते’ असंच म्हणत आली आहे. या वर्षी आई-बाबा सांगलीहून केंब्रिजला आमच्याकडे आले, तेव्हा मी लेक डिस्ट्रिक्ट, स्कॉटलंड ही डोंगराळ नावं बाजूला ठेवली आणि मुलांची मेअखेरची सुट्टी फेन्ससाठी राखली.

फेन्स म्हणजे केंब्रिजच्या उत्तरेला सुरू होऊन वॉश नावाच्या उथळ उपसागरापर्यंत पसरलेला सपाट मुलूख. एके काळी इथे दलदल, तळी, बोरूची बेटं आणि मधूनमधून वर आलेले मातीचे उंचवटे एवढंच होतं. सतराव्या शतकापासून पाणी काढून काढून त्याची शेतजमीन केली गेली. मूळची पाणथळ आज अगदी थोडी, तुकड्यातुकड्यांत उरली आहे. आमच्या ओळखीतले बरेच जण नॉरफोकच्या समुद्रावर जाताना फेन्समधूनच गाडी हाकतात, पण मध्ये कुणी उतरत नाही. बघायला काही नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. मला मात्र हा मुलूख वाचता येऊ लागल्यापासून त्याची गोडी लागली आहे. इथे फूट-दोन फुटांच्या फरकावर सगळं ठरतं: कुठे गाव, कुठे गहू, कुठे बोरू. आणि हा फरक बघायचा तर चालावंच लागतं, गाडीतून तो दिसत नाही.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवून दुष्काळी भागाकडे नेणाऱ्या उपसा योजनांच्या कामात होते. त्यांना पाण्याच्या या उलट्या कारभारात रस वाटेल, हा माझा अंदाज होता.

शनिवार, विकन फेन

सुरुवात सगळ्यात सोप्या ठिकाणापासून केली. केंब्रिजहून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर विकन नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या कडेला हे राखीव क्षेत्र. नॅशनल ट्रस्ट या संस्थेनं १८९९ मध्ये इथली दोन एकरांची पट्टी दहा पौंडांना विकत घेतली. संस्थेच्या ताब्यातलं हे सर्वात जुनं निसर्गक्षेत्र. आजवर इथे ९,००० पेक्षा जास्त जीवजातींची नोंद झाली आहे.

दलदलीवरून सव्वा किलोमीटरभर लांबीची फळ्यांची पायवाट गोल फिरून परत येते. पायरी नाही, चढ नाही, बाबागाडी सहज जाते. आईनं पहिल्या वळणापर्यंत काठी टेकत चालून पाहिलं आणि मग काठी माझ्या हातात दिली. दोन्ही बाजूंना उंच बोरू, मधूनच पिवळ्या आयरिसची फुलं, आणि लव्हाळ्याच्या जातीचं करवती कडांचं एक गवत. धाकट्यानं हात पुढे केला तेव्हा आजीनंच मागे ओढला. तिनं ते पान बोटानं उलट दिशेला हलकेच चाचपून पाहिलं होतं.

हे गवत गावाच्या जगण्याचा भाग होतं. घरं शाकारायला, विशेषतः छपराच्या आढ्यावर घालायला ते वापरत. विकनमध्ये ते कापल्याच्या नोंदी १४१४ पासूनच्या आहेत. तीन-चार वर्षांनी एकदा कापणी व्हायची, आणि अजूनही आळीपाळीनं होते. कापलं नाही तर झुडपं माजतात, मग झाडं येतात, आणि पाणथळ हळूहळू रान होऊन बसते. म्हणजे ‘जंगली’ दिसणारं हे सगळं सहाशे वर्षं विळ्यानं राखलेलं आहे. आईला हे फार पटलं. शेतकऱ्याच्या घरातली मुलगी ती. बांध राखला नाही तर काय होतं, हे तिला सांगावं लागत नाही.

वाटेत लाकडी पवनपंप लागतो. काळ्या फळ्यांचा, पांढऱ्या पात्यांचा. फेन्समध्ये असे शेकडो होते, लाकडी असा हा शेवटचा उरला. शेजारच्या शेतातलं पाणी उपसून टाकायला तो बांधला होता. १९५० च्या दशकात तो इथे हलवला, आणि तेव्हापासून त्याचं काम उलटं झालं. आता तो पाणी दलदलीत चढवतो. बाबा तिथे बराच वेळ थांबले. दलदलीत पाणी चढवायची गरज का पडावी? त्याचं उत्तर कुंपणापलीकडे होतं. विकनचा हा भाग कधीच पूर्ण उपसला गेला नाही, म्हणून त्याची जमीन जुन्या उंचीवर राहिली. भोवतालची शेतं उपसली गेली, त्यांची माती आटली आणि ती खाली बसली. आज राखीव दलदल शेतांपेक्षा वर आहे आणि पाणी कडांमधून झिरपून निघून जाऊ पाहतं. ते धरून ठेवायला बांधाच्या पोटात जलरोधक पडदा घालावा लागला.

“म्हणजे गळती थांबवायची,” बाबा म्हणाले. “आमचं निम्मं आयुष्य त्यातच गेलं.”

ही माती कसली, हे समजून घेतल्याशिवाय फेन्स कळत नाही. आपली काळी जमीन बेसॉल्ट खडक झिजून झालेली. इथली काळी माती खडकाची नाहीच. पाण्यात बुडालेला पालापाचोळा, हवा न मिळाल्यामुळे पूर्ण न कुजता हजारो वर्षं थरावर थर साचत गेला, त्याचं हे पीट. हातात घेतलं तर हलकं. वाळवलं तर जळतं. केंब्रिजच्या चुलींना शतकानुशतकं हेच सरपण जायचं. पाणी काढलं की ते आकसतं, आणि मग हवा लागून खरोखरच कुजायला लागतं. मातीतला कार्बन वायू होऊन उडून जातो. जमीन खचते ती अशी.

पक्षी पाहायच्या झोपडीत बसलो होतो तेव्हा कुकू ओरडला. घड्याळातला आवाज लेकीला ठाऊक होता, पण खरा पक्षी असाच ओरडतो यावर तिचा विश्वास बसेना. मग तो दिसलाही, करड्या रंगाचा, पंख खाली झुकवून वाळक्या फांदीवर बसलेला. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, तसा हा बोरूत राहणाऱ्या इवल्या बोरू वटवट्याला फसवतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ निक डेव्हिस यांनी याच विकन फेनमध्ये वर्षानुवर्षं या फसवणुकीचा अभ्यास केला आहे. मादी दुपारच्या वेळी येते, घरट्यातलं एक अंडं उचलते, जवळजवळ तशाच ठिपक्यांचं आपलं अंडं घालते आणि दहा-एक सेकंदांत निघून जाते. जाताना ससाण्यासारखा आवाज काढते. घाबरलेला वटवट्या स्वतःचा जीव सांभाळण्याच्या नादात घरट्याकडे पुरेसं लक्ष देत नाही. अंड्यातून आलेलं आंधळं पिल्लू बाकीची अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं. लेकीला हे ऐकून रडू आलं. “मग वटवट्या ओळखत का नाहीत?” काही ओळखतात, बाहेर फेकूनही देतात, आणि म्हणूनच कुकूची अंडी पिढ्यान्‌पिढ्या अधिक हुबेहूब होत गेली. आजोबांनी तिला हे दोनदा समजावलं. तिचं समाधान झालं असं नाही, पण ती दुर्बीण सोडायला तयार नव्हती.

तरुणपणी केंब्रिजला शिकत असताना डार्विनला भुंगेरे गोळा करायचा नाद होता. फेन्समधून बोरू भरून येणाऱ्या नावांच्या तळाशी उरलेला कचरा तो गोळा करवून घ्यायचा, कारण त्यात दुर्मीळ किडे सापडत. हे ऐकल्यावर धाकट्यानं परतीच्या वाटेवर प्रत्येक फळीची फट तपासली. चतुर आणि टाचण्या इतक्या होत्या की त्याला कमी पडलं नाही.

दुपारी झाडाखालच्या बाकावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीहून आलेलं भडंग. संध्याकाळी साडेआठलासुद्धा लख्ख उजेड होता.

रविवार, ईली

केंब्रिजहून ईलीला आगगाडीनं पाव तासात पोचता येतं. गाडी सपाट शेतांतून निघते आणि क्षितिजावर एकच वस्तू दिसत राहते, कथीड्रल. लोक त्याला ‘फेन्सचं जहाज’ म्हणतात. ईलीची टेकडी फेन्समधल्या उंच जागांपैकी एक, तरी उंची अवघी २६ मीटर. पण दलदलीच्या काळात या मातीच्या बेटावर पाय कोरडे राहत, एवढ्यावर इथे सातव्या शतकात मठ उभा राहिला.

स्टेशनातून बाहेर पडलं की ग्रेट ऊज नदीचा काठ लागतो. राहती घरं झालेल्या होड्या, खिडकीत कुंड्या, एका नावेच्या टपावर झोपलेलं कुत्रं. काठाची वाट रुंद आणि पक्की आहे. नदी इतकी सरळ आणि संथ, की केंब्रिज विद्यापीठाचे वल्हेकरी सरावाला इथेच येतात. एक आठ जणांची नाव आमच्याशेजारून गेली तेव्हा मुलं तिच्याबरोबर पळत सुटली. पुष्कळ पुढे गेली तरी आम्हाला दिसत होती. सपाट मुलखाचा आई-बापांना हा केवढा दिलासा!

काठावरून कथीड्रलपर्यंत बागेतून हलकासा चढ आहे. आईनं तो दोन बाकांवर बसत पार केला. आत गेल्यावर मान वर करून पाहायची गोष्ट म्हणजे अष्टकोनी मनोरा. १३२२ मध्ये मधला मूळ मनोरा कोसळला. त्याच जागी पुन्हा तितकं दगडी ओझं ठेवण्याऐवजी बांधणाऱ्यांनी भार आठ खांबांवर पसरवला आणि वर ओकच्या अजस्र तुळयांचा, खिडक्यांतून उजेड आत सोडणारा कंदिलासारखा मनोरा चढवला. असे ओक मिळवण्यासाठी दूरदूर शोध करावा लागला होता. आईनं हात जोडले. बाबा खांब मोजत होते.

जवळच सतराव्या शतकात राजाविरुद्ध लढून इंग्लंडची सत्ता घेणारा ऑलिव्हर क्रॉमवेल राहायचा ते घर आहे. आम्ही बाहेरूनच पाहिलं, मुलांना भूक लागली होती.

सोमवार, रीच आणि पाण्याच्या वाटा

बँक हॉलिडेची सार्वजनिक सुट्टी होती. नवराही बरोबर होता, म्हणून दोन सायकली घेतल्या, मागे धाकट्याची खुर्ची. आई-बाबांना गाडीनं रीच गावात सोडलं.

रीच आज चिमुकलं गाव आहे, पण मध्ययुगात ते बंदर होतं. समुद्र कितीतरी दूर, तरी नद्यांतून आणि ‘लोड’ म्हणतात त्या खोदलेल्या जुन्या जलमार्गांतून नावा इथवर येत. इथल्या जत्रेची सनद १२०१ सालची आहे आणि जत्रा अजून भरते.

गावाच्या हिरवळीमागूनच रीच लोडचा काठ सुरू होतो. बांधावर गवताची वाट, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला गव्हाचं शेत. या जागेवर मी प्रत्येक पाहुण्याला आणते. दोन्हीकडे नीट बघा, एवढंच सांगते. पाणी आपल्या पायांच्या थोडं खाली असतं आणि शेत त्याहून बरंच खाली. शेतात उभा माणूस मान वर करून नावेकडे बघेल. जमीन खचत गेली, बांध वाढवत नेले, पाणी वर राहिलं.

बाबांनी बांधाचा उतार पाहिला, गवत किती दाट आहे ते पाहिलं, घुशीची बिळं आहेत का ते पाहिलं. मग म्हणाले, “या शेताला पाऊस पडला तर पाणी जायचं कुठे?” शेताच्या कडेच्या चाऱ्यांतून मोठ्या चारीत, तिथून पंपघरात, आणि पंपानं वर उचलून लोडमध्ये किंवा नदीत. आधी पवनपंप होते, मग वाफेची इंजिनं आली, मग डिझेल, आता वीज. ईलीच्या वाटेवर स्ट्रेथम इथे १८३१ चं वाफेचं इंजिन अजून जपून ठेवलं आहे. आपल्याकडे नदीतून पाणी उचलून शेताला द्यायचं, इथे शेतातून उचलून नदीला द्यायचं. यंत्र तेच. वीजबिलाचा विषय निघाला आणि पुढचा अर्धा किलोमीटर त्यातच गेला.

लोड्स वे नावाची सायकलवाट इथून विकनकडे जाते. लोडवरचे पूल हाच काय तो चढ. बरवेल फेनच्या कुरणात कोनिक जातीचे राखी घोडे आणि लांब केसांच्या हायलँड गाई मोकळ्या चरत होत्या. कापणीनं होतं तेच काम हे चरण्यानं करतात, म्हणून नॅशनल ट्रस्टनं या शतकाच्या सुरुवातीला ते आणले. शिंगरं होती, त्यामुळे लांबूनच पाहिलं. १९९९ मध्ये, पहिल्या खरेदीला शंभर वर्षं होताना, ट्रस्टनं ठरवलं की विकनच्या छोट्या तुकड्यात जीव गुदमरतील, म्हणून शंभर वर्षांत शेतजमीन घेत घेत ही पाणथळ केंब्रिजच्या वेशीपर्यंत न्यायची. ५३ चौरस किलोमीटरचं उद्दिष्ट आहे. सगळ्या शेतकऱ्यांना हे आवडलेलं नाही, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. इंग्लंडचा मोठा भाजीपाला याच काळ्या मातीतून येतो. पण कुजत चाललेली माती किती पिढ्यांना पुरणार, हा प्रश्न त्यांच्याही पुढे आहेच.

वर चंडोल गात होता. आई गवतावर बसून राहिली आणि आम्ही परत येईपर्यंत हलली नाही.

मंगळवार

पाऊस. दुपारपर्यंत घरीच, थालीपीठं. संध्याकाळी उघडलं तेव्हा कॅम नदीच्या काठच्या स्टरब्रिज कॉमनवर चक्कर मारली. शहराच्या मधोमध गाई चरतात याचं बाबांना नवल वाटलं नाही, त्या ट्रॅफिकमध्ये येत नाहीत याचं वाटलं.

बुधवार, वेल्नी

हा दिवस बाबांचा.

१६३० मध्ये बेडफर्डचा अर्ल या उमरावानं फेन्स कोरडे करण्याचा करार केला आणि पुढे त्याच्याबरोबर इतर गुंतवणूकदारही आले. कामावर डच अभियंता कॉर्नेलियस वर्म्यूडन होता. ग्रेट ऊज नदी नागमोडी फिरत हळूहळू समुद्राकडे जाते, म्हणून तुंबते. त्यानं सरळ रेषेत सुमारे ३४ किलोमीटरचा जवळचा मार्ग खोदला. १६३७ मध्ये जुनी बेडफर्ड नदी झाली. ती पुरेना, तेव्हा १६५१ मध्ये तिला जवळजवळ समांतर दुसरी, नवी बेडफर्ड नदी खोदली. त्या कामावर डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी आणले होते. हातात फावडी, गुडघाभर चिखल आणि मलेरियाचा ताप. तेव्हा इथे हिवताप होता.

या दोन नद्यांच्या मधली लांबलचक पट्टी मुद्दाम मोकळी ठेवली. तिला ऊज वॉशेस म्हणतात. उन्हाळ्यात तिथे गुरं चरतात, पावसाळी हिवाळ्यात नदीचा पूर वरच्या अंगाला एरिथपाशी वळवून या पट्टीत सोडतात. समुद्राची भरती ओसरून खालचं दार उघडता येईपर्यंत पाणी तिथेच थांबतं. पावणेचारशे वर्षांपूर्वी आखलेली ही पूर साठवण्याची जागा आजही तेच काम करते.

वेल्नीला पाणपक्ष्यांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूटी संस्थेचं केंद्र आहे. तिथून नव्या बेडफर्ड नदीवरचा पादचारी पूल ओलांडला की आपण बांधावर, दोन नद्यांच्या मध्ये पोचतो. या नदीत भरती-ओहोटी चालते, आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती आणि काठाचा चिखल चकाकत होता. पलीकडच्या मोठ्या काचेच्या खोलीतून सगळी पट्टी दिसते. हिवाळ्यात इथे आइसलँडहून हूपर हंस हजारोंनी येतात, रशियाच्या उत्तर टोकाकडून बेविक हंस येतात. मेअखेरीला ते नव्हते. होते ते वर वळलेल्या चोचीचे काळे-पांढरे अॅव्होसेट, त्यांची कापसासारखी पिल्लं, टिटवीच्याच कुळातला तुऱ्याचा लॅपविंग, आणि बोरूवरून संथ घिरट्या घालणारा दलदली भोवत्या. भोवत्या आला की सगळ्या पिल्लांच्या आया एकदम उठत. लेकीनं कुकूवरचा सगळा राग या भोवत्यावर काढला, पण तो रिकाम्या पायांनी गेला.

बाबा खिडकीपाशी गप्प उभे होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा ते आणि आई शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर होते. आम्ही इथून आयर्विन पुलापाशी पातळी किती झाली ते तासातासाला फोनवर विचारत होतो. नंतर कधी त्यांनी त्याबद्दल फार बोललं नाही. वेल्नीच्या त्या खोलीत ते बोलले. पूर येणारच असतो, म्हणाले. नदीला तिची जागा ठाऊक असते. आपण त्या जागेवर आधी ऊस लावला, मग प्लॉट पाडले. इथे त्यांनी नदीला जागा लिहून दिली आणि तिथे घर बांधू दिलं नाही. एवढं एक जरी…

आई म्हणाली, “पण इथे पाऊस तरी केवढा पडतो? आपल्यासारखा कोसळला तर यांची ही पट्टी पुरेल का?” तिचं बरोबर होतं. १९४७ च्या मार्चमध्ये बर्फ वितळून एकदम पूर आला तेव्हा बांध फुटले आणि फेन्सचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्यानंतर पुराचं पाणी वळवायला आणखी मोठे कालवे खोदावे लागले. कोयनेच्या पाणलोटात चार दिवसांत कोसळतो तो पाऊस इथे कुणी पाहिलेला नाही. बाबांनी मान डोलावली, पण जागा राखण्याचा मुद्दा सोडला नाही. दोघांचा वाद गाडीत, जेवताना आणि रात्री भांडी आवरतानाही चालू होता. बाबांना इतकं मोकळं बोलताना मी बऱ्याच वर्षांनी ऐकलं.

गुरुवार, होम फेन आणि वुडवॉल्टन

पीटरबरोच्या दक्षिणेला होम फेन आहे. समुद्रसपाटीपासून २.७५ मीटर खाली, ग्रेट ब्रिटनमधली सर्वात खोलगट जमीन. इथे पांढऱ्या बुंध्यांच्या बर्चचं रान आहे आणि जमीन गादीसारखी दबते. धाकट्यानं उड्या मारल्या की शेजारी उभ्या आजीला त्या पायाला जाणवत. तिला ते इतकं आवडलं की ‘पुन्हा मार’ म्हणाली.

रानाच्या कडेला एक लोखंडी खांब आहे. शेजारी व्हिटल्सी मिअर नावाचं विस्तीर्ण तळं होतं, दक्षिण इंग्लंडच्या सखल भागातलं सर्वात मोठं. नावांच्या शर्यती, हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर स्केटिंग, मासेमारी असं सगळं तिथे चाले. १८५१ मध्ये ते उपसून टाकलं. त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलेला अॅपोल्डचा केंद्रोत्सारी पंप या कामाला जुंपला होता. तळाशी चिखलात रॅमसी मठाचं चांदीचं, सोन्याचा मुलामा दिलेलं धूपदान सापडलं. ते आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पाणी गेल्यावर जमीन खचणार हे ठाऊक असल्यानं हा खांब खालच्या चिकणमातीपर्यंत खोल गाडला, वरचं टोक जमिनीच्या बरोबरीला ठेवून. आज ते टोक जमिनीपासून सुमारे चार मीटर वर आहे.

हे मी पूर्वी पाहिलं होतं. तरी नवऱ्यानं लेकीला खांद्यावर उभं केलं, तिनं हात उंच केला आणि तो टोकाला पोचला नाही, तेव्हा पोटात गोळा आला. तिच्या हाताच्याही वर, जिथे आता हवा आहे, तिथे लोक चालत होते.

जवळूनच लंडन-एडिंबरा रेल्वे जाते. १८५० च्या सुमारास दलदलीवर रूळ टाकताना झुडपांच्या मोळ्यांचे तराफे अंथरून, त्यावर हळूहळू भार वाढवत भराव घातला. बाबांनी दोन गाड्या जाऊ दिल्या आणि मग निघाले.

वुडवॉल्टन फेन इथून जवळ आहे. चार्ल्स रॉथशील्ड या श्रीमंत बँकरनं १९१० मध्ये ते निसर्गासाठी विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी खांबांवर एक बंगली बांधली, ती अजून उभी आहे. विकनमधलीही काही जमीन त्यानंच ट्रस्टला दिली होती. या माणसाचं आपल्याशी एक नातं आहे. त्याचा खरा अभ्यास पिसवांचा. प्लेग पसरवणाऱ्या, आज झेनोप्सिला केऑपिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंदराच्या पिसूचं शास्त्रीय वर्णन १९०३ मध्ये त्यानंच पहिल्यांदा केलं. पुण्या-मुंबईत ज्या प्लेगनं घरंच्या घरं रिकामी केली, तो याच पिसूमुळे पसरतो हे परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी नंतर पक्कं केलं. आईच्या आजीच्या माहेरी त्या साथीत तीन माणसं गेली होती. बंगलीसमोरच्या गवतावर बसून आईनं ती गोष्ट मुलांना सांगितली. लेकीनं विचारलं, “मग पिसवांचा अभ्यास करणाऱ्यानं फुलपाखरांसाठी जमीन का घेतली?” मला वाटतं, किड्याकडे इतकं बारकाईनं पाहणाऱ्याला तो राहतो कुठे, हे दिसल्यावाचून राहणार नाही.

होम आणि वुडवॉल्टन ही दोन बेटं आता जोडली जात आहेत. ग्रेट फेन या नावानं सुमारे ३,७०० हेक्टरांवर पुन्हा पाणी चढवायचं काम २००१ पासून चालू आहे. काही तुकड्यांत जमीन ओली ठेवूनच घेता येतील अशा पिकांचे प्रयोग होत आहेत, पाणकणीस त्यातलंच एक. बाबांनी फलकावरचा नकाशा मोबाइलवर टिपून सांगलीच्या जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. लगेच तिघांचे प्रश्न आले, गळती किती आणि पंप किती अश्वशक्तीचे?

कुणी जाणार असेल तर

बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची असेल तर विकनची फळ्यांची वाट आणि ईलीचा नदीकाठ हे दोन दिवस नक्की धरा. वुडवॉल्टन पावसानंतर टाळा, गवताच्या वाटा चिखलात जातात. लांब पँट आणि मोजे घाला, आणि घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे गोचीड नाही ना ते बघा. सावली फार थोडी, म्हणून टोप्या आणि भरपूर पाणी. वारा अडवायला काहीच नसल्यामुळे मे महिन्यातही आजी-आजोबांना स्वेटर लागतोच. कुकू ऐकायचा असेल तर जूनच्या आधी या, तो लवकरच आफ्रिकेला परततो. हंसांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी वेल्नीला जा, पण निघण्यापूर्वी रस्त्याची चौकशी करा. वॉशेस भरले की वेल्नीचा ए ११०१ रस्ता पाण्याखाली जातो आणि मोठा वळसा घ्यावा लागतो.